हातचा एक दिवस

हल्ली आमच्या पिढीला ट्रिपसुद्धा प्रोजेक्टसारखी प्लॅन करायची सवय लागली आहे. एक्सेल शीट, त्यात तासातासाचे रकाने, शेजारी राहायच्या ठिकाणांच्या लिंका, तिसऱ्या टॅबवर खर्चाची वाटणी. सकाळी ६:३० ला निघणे, ९:०० ला नाश्ता, ११:१५ ला अमुक मंदिर, त्याला ४५ मिनिटं. या सगळ्यात "गाडी बंद पडली तर?" हा प्रश्न मात्र कोणी लिहीत नाही. लिहिलाच तर तो 'रिस्क' नावाच्या रकान्यात जातो, समोर 'लो' असं टाईप केलं की आपण मोकळे.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी बंद पडणं हे विघ्न आहेच, पण तो दिवस वाया गेलाच पाहिजे असं काही नाही. तो सत्कारणी लागतो की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे, तुमच्या प्लॅनमध्ये मोकळी जागा आहे का. आणि दोन, त्या मोकळ्या दिवसाचं बिल नक्की कोण भरतंय. पहिल्या मुद्द्यावर सगळे बोलतात (आणि करत काहीच नाहीत, ते सोडा). दुसऱ्यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून आजचा हा प्रपंच.

आता हे एकदम सुचायचं कारण म्हणजे कॅम्परव्हॅन. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर दोन महिन्यांनी कोणीतरी "आपण एकदा ती बेडवाली गाडी घेऊन जाऊया रे" असं म्हणतंच. प्रकार साधारण असा असतो: आपली नेहमीची ट्रॅव्हलर गाडी, आतल्या सीट काढून तिथे दोन-चार झोपायच्या जागा, छोटा ओटा, गॅस, सिंक, आणि मागे एक संडास, ज्यात शिरण्याआधी मनाची तयारी करावी लागते. इंजिनाची बॅटरी वेगळी, आणि आतले दिवे, पंखा, फ्रिज यांची वेगळी. ही दुसरी बॅटरी इंजिन चालू असताना चार्ज होते. थोडक्यात, गाडी हेच घर. लोक याचं कौतुक करतात ते बरोबरच आहे, पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. साधी गाडी बंद पडली तर तुमची फक्त गाडी बंद पडते. ही बंद पडली की घरही बंद पडतं, आणि फ्रिजमधलं दूधही!

आम्ही चौघे आणि ड्रायव्हरकाका असे २०२५ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघालो. पुणे, लोणार, औंढा नागनाथ, नांदेड, माहूर आणि परत. पाच दिवसांचा प्लॅन, आणि रजा मात्र सहा दिवसांची. हा सहावा दिवस आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या हट्टामुळे आलेला. तिचं म्हणणं, बेरजेत जसा हातचा एक असतो तसा ट्रिपमध्ये एक दिवस हातचा ठेवायचा. त्याला नाव द्यायचं नाही, त्यात काही बसवायचं नाही. बाकीच्या तिघांनी नाकं मुरडली, पण रजा टाकली.

औंढ्याचं दर्शन करून वसमतच्या दिशेने निघालो, आणि काही किलोमीटर गेल्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली. टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला होता. खाली वाकून बघितलं तर पुढच्या बाजूने हिरवट पाणी ठिबकत होतं. वॉटर पंप गेला होता.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या माझ्यासारख्यांसाठी) थोडक्यात सांगतो. इंजिनात जी उष्णता तयार होते ती घेऊन जायला इंजिनाभोवती कूलंट सतत फिरत असतं. ते फिरवायचं काम हा पंप करतो, आणि तो चालतो पट्ट्यावर. पंपाचं बेअरिंग किंवा सील झिजलं की आधी पाणी ठिबकायला लागतं, मग काटा वर जातो. या वेळी थांबलात तर प्रकरण एका पंपावर आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर मिटतं. "अजून वीस किलोमीटर तर आहे, हळूहळू जाऊ" म्हणालात तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं, आणि बिलाला एक शून्य वाढतं. म्हणजे काकांनी ज्या क्षणी गाडी बाजूला घेतली त्या क्षणी मालकाचं इंजिन वाचलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर अशा वेळी पहिली वीस मिनिटं काय करायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. त्या वीस मिनिटांत अनुभव वगैरे घ्यायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. चारी इंडिकेटर चालू करायचे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीच्या मागे बऱ्यापैकी लांब ठेवायचा, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून रस्त्यापासून दूर, शेताच्या कडेला उभं राहायचं. आतमध्ये गॅसचा सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करायचा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कोणीही, कितीही शहाणा असला तरी, उघडायचं नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, आणि कुठेही कोणाला लागलं-बिगलं असेल तर ११२. मग पाणी प्यायचं. आणि मगच पुढचं.

पुढचं म्हणजे एक ट्रॅक्टर. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने न विचारता थांबून साखळी काढली आणि आमचं ते चकचकीत चालतं-फिरतं घर टोचन करून औंढ्याच्या एका गॅरेजसमोर आणून उभं केलं. पैसे विचारले तर "डिझेलचं द्या" एवढंच म्हणाला. मिस्त्रींनी आडवं होऊन बघितलं, हात पुसले आणि निकाल दिला. "पंप गेला साहेब. हितं नाही भेटत. नांदेडहून मागवायलोय. उद्या दुपारपर्यंत बसंल."

उद्या दुपारपर्यंत! आमच्यातल्या एकाने लगेच फोन काढून पर्यायी गाडी, परतीची ट्रेन, माहूरचं बुकिंग असं सगळं एकदम शोधायला सुरुवात केली. आयटीतल्या माणसाची ही प्रतिक्रिया मला चांगलीच ओळखीची आहे. सर्व्हर पडला की पहिल्या पाच मिनिटांत दहा जण दहा टर्मिनल उघडतात. पण मैत्रीण शांत होती. तिचा हातचा एक दिवस होता ना.

इथे जरा गणिताकडे वळतो. रांगांचा जो अभ्यास आहे त्यातला सगळ्यात साधा नमुना घ्या: एक खिडकी, माणसं कधीही येतात, आणि प्रत्येकाच्या कामाला कमी-जास्त वेळ लागतो. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी जितकं थांबावं लागतं, ते एका माणसाच्या कामाइतकं असतं. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर चार पट. ९० टक्क्यांना नऊ पट. आणि ९५ टक्क्यांना एकोणीस पट! म्हणजे शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत आपण जे कोंबतो त्याची किंमत भयंकर असते. आपले सर्व्हर शंभर टक्के लोडवर चालवायचे नाहीत हे आपल्याला कळतं, त्याची आपण प्रेझेंटेशनं करतो. पण रजेचे पाच दिवस मात्र आपण पंच्याण्णव टक्के भरून टाकतो, आणि मग एका पंपाने चार बुकिंगं कोसळली की नशिबाला दोष देतो. यात नशिबाचा संबंध फारसा नाही. सगळे रकाने भरले तेव्हाच ते ठरलेलं असतं.

असो. मोकळा दिवस हातात आला. आता त्यात करायचं काय?

माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे "आजूबाजूला बघण्यासारखं काय आहे" हे फोनला न विचारणं. फोन तुम्हाला पुन्हा एक यादी देणार, आणि पुन्हा तुम्ही रकाने भरणार. ज्याच्याकडे गाडी दिली आहे त्याला विचारा. मिस्त्रींना विचारल्यावर ते म्हणाले, "हळद शिजायलीय रस्त्याच्या कडंला, बघितली का कधी?"

नव्हती बघितली. चौघांपैकी एकानेही. रोजच्या आमटीत आपण जी पूड टाकतो ती शेतातून डब्यात कशी येते हे आम्हा चार इंजिनिअर माणसांना ठाऊक नव्हतं. हिंगोली जिल्हा, आणि त्यातला वसमत तालुका, म्हणजे हळदीचं मोठं आगार. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते, आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी चालते. काढलेला ओला कंद तसाच वाळवत नाहीत, आधी तो वाफेवर शिजवतात. शिजवल्याने त्याला कोंब फुटायचे थांबतात, रंग आतपर्यंत सारखा बसतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. मग उन्हात पसरून बरेच दिवस वाळवायचं, आणि शेवटी फिरत्या ड्रममध्ये घालून वरची खरबरीत साल घासून काढायची, म्हणजे ते बाजारात दिसणारं गुळगुळीत हळकुंड तयार होतं.

आम्ही गेलो तेव्हा मोठ्या लोखंडी कुकरमधून वाफ सोडत होते. वास आपल्या ओळखीच्या हळदीचा नाही, तो मातीचा आणि कच्च्या आल्याचा मिळून काहीतरी वेगळाच. शेतकरीदादांनी आधी आमच्या बुटांकडे बघितलं, मग हसले, मग समजावून सांगितलं. भाव काय मिळतो विचारल्यावर म्हणाले, "पडल त्यो." वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस पडला तर काय होतं हेही सांगितलं. नऊ महिन्यांचं काम आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आभाळाकडे बघत बसायचं. आपण रिलीजच्या आदल्या रात्रीबद्दल किती रडगाणं गातो ते आठवलं. पुढे काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे देऊळ. "सकाळी झालं की दर्शन," असं एक जण म्हणाला. झालं होतं खरं, ४५ मिनिटांत. महाशिवरात्रीची गर्दी नुकतीच ओसरली होती आणि संध्याकाळी देवळाच्या मागच्या बाजूला निवांत बसायला जागा मिळाली. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, अरुंद वाटेने खाली उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर दगडी कोरीवकाम. पण सकाळच्या घाईत जे लक्षात आलं नव्हतं ते संध्याकाळी आलं: इथे नंदी नेहमीच्या जागी, म्हणजे देवासमोर नाही, तो मागे आहे. त्याची आख्यायिका अशी की, संत नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवून मागे जायला सांगितलं गेलं, ते मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी तेवढा होता तिथेच राहिला.

मी चमत्कारांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण ही गोष्ट मला आवडते. पुढची वाट बंद झाल्यावर नामदेव वाद घालत बसत नाहीत, घरीही जात नाहीत. मागे जातात आणि जे करायला आले होते तेच सुरू ठेवतात. हेच नामदेव याच जिल्ह्यातल्या नर्सीचे मानले जातात, कयाधू नदीच्या काठचे. त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना औंढ्यालाच भेटले असं परंपरा सांगते. तेराव्या-चौदाव्या शतकात हा माणूस पंजाबपर्यंत गेला आणि त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. इतक्या लांबच्या प्रवासात त्यांचे किती दिवस वाटेत अडकून गेले असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

तिसरी गोष्ट मिस्त्रींनीच चहा पिताना सांगितली. "हितं दुधाळ्याला आभाळातला आवाज ऐकायची मशीन बसणार हाय, माहित हाय ना?" माहीत होतं, म्हणजे बातमी वाचली होती. पण ती जागा आपण उभे आहोत तिथून इतकी जवळ आहे हे डोक्यात नव्हतं. लायगो-इंडिया हा तो प्रकल्प. दोन ताऱ्यांची किंवा कृष्णविवरांची टक्कर झाली की अवकाशातच लहरी उठतात, त्या गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत. प्रत्येकी चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, त्यात लेझर, आणि मोजायचं काय तर प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाहून कमी इतका लांबीतला फरक. तशीच एक वेधशाळा औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला उभी करायची, या कामाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लांबवर आणखी एक यंत्र असलं की लहर आकाशात नक्की कुठून आली हे जास्त अचूक सांगता येतं.

आता गंमत बघा. इतकी नाजूक मोजणी करायची तर आजूबाजूला शांतता लागते. जड वाहतूक नको, मोठे कारखाने नकोत, जमिनीची फार थरथर नको. म्हणजे पुण्या-मुंबईतले आपण ज्या भागाला "तिकडे काही नाही रे" म्हणतो, तिथली ती शांतताच इथे कामाला येते. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा आमच्या एक्सेलमध्ये 'लोणार ते नांदेड' या दोन रकान्यांच्या मधली रेघ होता. पंप टिकला असता तर रेघच राहिला असता.

आणि चौथी गोष्ट आपोआप घडली. संध्याकाळी गॅरेजसमोर आमची गाडी बघायला गर्दी! मिस्त्रींनी त्यांच्या मीटरवरून वायर ओढून आमची दुसरी बॅटरी चार्जिंगला लावून दिली होती, त्यामुळे आत दिवे, पंखा सगळं चालू. पोरं खिडकीतून डोकावतायत. एक आजी शांतपणे पायरी चढून आत आल्या, ओटा बघितला, सिंक बघितलं, मागचं दार उघडून बघितलं आणि विचारलं, "सैपाक बी हितंच आन् संडास बी हितंच? एकाच घरात?" उत्तर द्यायला आमच्यातल्या कोणाकडे काही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांच्या घरून भाकरी, ठेचा आणि वरण आलं.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा "अडचणीत संधी शोधा" छापाचा लेख आहे. तसा तो नाही. कारण हे सगळं चालू असताना ड्रायव्हरकाका गॅरेजच्या बाकड्यावर बसून फोनवर होते, आणि त्यांचा दिवस आमच्यासारखा चालला नव्हता.

गाडी पुण्यातल्या एका मालकाची. (नाव नको, आणि हा एकट्याचा प्रश्नही नाही.) मालकाचं म्हणणं, गाडी उभी तर त्या दिवसाचा भत्ता नाही. शिवाय पंप गेला म्हणजे निघताना पाणी-ऑइल नीट बघितलं नसणार, तेव्हा दुरुस्तीतला काही भाग पगारातून. आणि आम्ही एक दिवस उशिरा पोचलो तर काकांची पुढची ठरलेली ट्रिप दुसऱ्याला, म्हणजे आणखी एक खाडा. आमच्यासाठी जो हातचा दिवस होता तो काकांसाठी उणे दोन दिवस होता. आम्ही हळद बघत होतो त्या वेळेचे पैसे एका अर्थाने काका भरत होते.

आता मघाचं ते वाक्य आठवा. काटा चढताना बघून या माणसाने वेळेवर गाडी थांबवली म्हणून इंजिन वाचलं. आणि बिल त्याच्याच नावावर! असा नियम असेल तर पुढच्या वेळी कोणता ड्रायव्हर वेळेवर थांबेल? तो म्हणेल, रेटू अजून वीस किलोमीटर, बंद पडली तर पडली, मी थांबवली असं तरी होणार नाही.

टोयोटाच्या कारखान्यातल्या दोरीबद्दल आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं असतं. लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढायची. लगेच मदतीला माणूस येतो आणि दोष तिथल्या तिथे सुटला नाही तर लाईन थांबते. ही पद्धत चालते कारण दोरी ओढणाऱ्याला कोणी ओरडत नाही. आपल्याकडेही प्रॉडक्शन पडल्यावर जी मीटिंग होते तिच्यात चुकलेला माणूस शोधायचा नाही, पद्धतीतलं भोक शोधायचं, हे आपण घोकलेलं असतं. मग हे तत्त्व ऑफिसच्या दारापर्यंतच का? आपल्या ट्रिपवर जो माणूस चाक धरून बसलाय त्याला ते लागू नाही का?

आम्ही काय केलं ते सांगतो, त्यात मोठेपणा काही नाही. मिस्त्रींकडून एका कागदावर लिहून घेतलं की पंपाचं बेअरिंग झिजलेलं होतं आणि गाडी वेळेत थांबवल्याने हेड सुरक्षित आहे. जुना पंप फेकू दिला नाही, पोत्यात बांधून बरोबर घेतला. कागदाचा फोटो आणि चार ओळींची मेल मालकाला पाठवली. मालकाने पगारातून कापायचं सोडून दिलं आणि एका दिवसाचा भत्ता दिला. उरलेल्या दिवसाचा भत्ता आणि हुकलेली ट्रिप यांचे पैसे आम्ही चौघांनी वाटून दिले. प्रत्येकी जो आकडा आला तो आमच्यातल्या कोणाच्याही शनिवारच्या जेवणाच्या बिलाहून कमी होता. काका आधी नको म्हणाले, मग मुकाट्याने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच आमच्याबरोबर चहाला बसले. तोवर ते दर वेळी "तुम्ही घ्या सर" म्हणून लांब उभे राहायचे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: प्रत्येक वेळी गिऱ्हाईकाने का भरायचं? मालकाचा धंदा आहे, त्याची जबाबदारी आहे. शंभर टक्के मान्य. म्हणूनच हे बोलणं गाडी बंद पडल्यावर करायचं नाही, बुकिंग करताना करायचं. गाडी बंद पडली तर ड्रायव्हरचा भत्ता चालू राहणार का? दुरुस्तीचा खर्च कोणाचा? हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. एसी आहे का, म्युझिक सिस्टीम कशी आहे, हे आपण खोदून खोदून विचारतोच की. पाच गिऱ्हाईकांनी विचारलं तर सहाव्या वेळी मालक स्वतःहून छापील कागदावर लिहील. आमच्या धंद्यातही कराराची कलमं अशीच आली आहेत, कोणीतरी आधी विचारलं म्हणून.

दुसरा आक्षेप: सगळ्यांकडे रजा नसते. तेही खरं. हातचा दिवस ही चैन आहे. गाडीत आजारी माणूस असेल, परीक्षेला निघालेला मुलगा असेल, ट्रकमध्ये टोमॅटो भरलेले असतील, तर बंद पडलेल्या गाडीत कसलीही मजा नाही, आणि त्यांना "त्यातूनही काही शिका" सांगणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. म्हणूनच ज्यांना तो दिवस परवडतो त्यांनी तो आधीच बाजूला काढावा, आणि त्यात जो बसत नाही त्याचा विचार आधी करावा.

शेवटची एक गोष्ट, तांत्रिक माणसांसाठी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर गेली. मोटारीचा इतका लांबचा प्रवास तोवर कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं ते एका गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, तेव्हा परत आल्यावर आणखी एक गिअर हवा असं तिने सुचवलं. म्हणजे बाईंनी वाटेतला प्रत्येक बिघाड लक्षात ठेवला आणि बनवणाऱ्यापर्यंत पोचवला. नुसती पोचून गप्प बसली असती तर पुढची गाडीही त्याच चढावर अडली असती.

आपल्यालाही एवढं जमण्यासारखं आहे. काय बिघडलं, आधी कुठली खूण दिसली होती, कोणी दुरुस्त केलं, पार्ट कुठून आला, हे चार ओळींत लिहून गाडीच्या मालकाला द्या. पुढच्या गिऱ्हाईकाचा दिवस वाचेल, आणि पुढच्या ड्रायव्हरचा पगारही.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रिपचं एक्सेल उघडाल तेव्हा दोन रकाने वाढवा. एक रिकामा, ज्यात काही भरायचं नाही. आणि दुसरा ड्रायव्हरच्या भत्त्याचा, तो गाडी चालली तरी आणि उभी राहिली तरी भरायचा. पहिला रकाना लागला नाही तर उत्तम, घरी येऊन झोप काढा. आणि रस्त्यात कुठे थांबावं लागलंच, तर पार्ट येईपर्यंत मिस्त्रींना विचारा, "तुमच्याकडे सध्या काय चाललंय?" काहीतरी चाललेलं असतंच.